तुझी रुंद पकड, माझी जवळची

शैला, तुझा जो फोटो मोठा करून हॉलमध्ये ठेवला होता, त्यात तुझे खांदे आलेच नाहीत. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला फोटो तो, मानेखाली कापलेला. बायका येऊन हात जोडत होत्या आणि 'किती शांत दिसतायत' म्हणत होत्या. शांत कसली, फोटोवाल्याने 'मैडम, हँसिए मत' म्हटलं म्हणून तू त्याच्यावर चिडली होतीस आणि त्याच्या दुकानातून तशीच तणतणत माझ्याकडे आली होतीस. हे मी कुणाला सांगितलं नाही. मी चहाचे कप गोळा केले.

मी रडले नाही. हे तुला आधीच सांगून टाकते, उगाच दुसऱ्या कुणाकडून कळायला नको. ग्वाल्हेरहून तुझी नणंद आली होती. तिने पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "कुंदाताई, रडून घ्या, मोकळं वाटेल." मी हो म्हटलं. जेवून घ्या म्हटल्यावर म्हणतो ना, तसं हो. मला काही वाटतच नव्हतं गं. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपला गाल आपला राहत नाही, बोट लावलं तर दुसऱ्याला लावल्यासारखं वाटतं, तसं चाललं होतं. घरातली कामं होत होती. भाजीत मीठ बरोबर पडत होतं. आमचे हे काही विचारायचे त्याला मी उत्तर द्यायचे आणि ते उत्तर बरोबरही असायचं. यात काहीतरी चुकतंय, एवढं नुसतं कळत होतं.

तुझी नणंद भाबडी आहे. तिने मला विचारलं, "वहिनी आणि तुम्ही रोज दुपारी क्लबात जायच्या, म्हणजे करत काय होतात?" आता तिला काय सांगू? मी म्हटलं, आम्ही बेंच प्रेस करायचो. तिला वाटलं हा एखादा शिवणाचा प्रकार असेल. मग मी तिला समजावलं. बाकावर उताणं पडायचं. वर स्टँडवर लोखंडी बार असतो, त्याच्या दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या. तो दोन हातांनी उचलायचा, छातीला टेकेपर्यंत खाली आणायचा आणि परत वर लोटायचा. "आणि वर गेलाच नाही तर?" तिने विचारलं. मी म्हटलं, तर तो छातीवर बसतो. म्हणून डोक्यामागे एक माणूस उभं राहतं, दोन्ही हात बारच्या खाली धरून, पण बारला न लावता.

एवढं बोलले आणि माझ्या लक्षात आलं, की ते माणूस गेलं. आता माझ्या डोक्यामागे कोण उभं राहणार? बाई गेली, मैत्रीण गेली, कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सगळ्यांचे निरोप पोचवणारी गेली, हे सगळं लोक बोलत होते आणि मी ऐकत होते. माझ्या मनात मात्र तेवढंच अडकलं होतं. घरी कुणाला विचारावं? आमच्या ह्यांचं कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची बंदी आहे. आणि एकटीने बेंचवर आडवं व्हायचं नाही, हा नियम तुझाच. शाळेतल्या मुलींना सांगायचीस त्याच आवाजात तू तो मला पहिल्याच दिवशी सांगितला होतास.

पहिला दिवस तुला आठवतो का? मी ड्रॉइंग ऑफिसातली ट्रेसर, दिवसभर टेबलावर वाकून नकाशे गिरवायचे. तू टाउनशिपच्या शाळेत पीटी शिकवायचीस. दुधाच्या बूथवर रांगेत तू मागून माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवलेस आणि ते खाली दाबलेस. ओळख ना देख. म्हणालीस, "तुमचे खांदे कानाला लागून राहिले आहेत. असंच चाललं तर पुढच्या वर्षी मान दिसायची नाही." मी सातारची. अशी कुणी सलगी केली तर माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" तू म्हणालीस, "मला काही नाही करायचं, तुम्हालाच करायचं आहे. चार वाजता क्लबात या." आणि मी का आले हे मला अजून कळलेलं नाही.

क्लबात चार ते पाच लेडीज टाइम होता. कागदावर होता. प्रत्यक्षात कॅरमच्या खोलीत कुणाची तरी सून पोराला घेऊन बसलेली असायची, आणि कँटीनच्या मागची व्यायामाची खोली कुलूपबंद. ती चावी तू सेक्रेटरीसाहेबांकडून भांडून मिळवलीस. आपण सलवार-कमीज घालून, ओढण्या खिडकीच्या गजाला बांधून व्यायाम करायचो. चौकीदार बाहेरून खोकायचा. आत बायका काय करतात हे त्याला बघायचंही होतं आणि बघायचं नव्हतंही.

मग पकडीचा वाद सुरू झाला आणि तो शेवटपर्यंत मिटला नाही.

तुझं म्हणणं, हात लांब धरायचे. खांद्यांच्या रुंदीच्या दीडपट. हात लांब धरले की बारचा प्रवास कमी होतो आणि जोर छातीतून निघतो. "छाती हा मोठा स्नायू आहे, त्याला कामाला लाव. दंडाच्या मागच्या एवढ्याशा मांसावर कशाला भार टाकून राहिलीस?" माझं म्हणणं, हात खांद्यांएवढेच धरायचे. कोपरं अंगालगत राहतात, दंडाची मागची बाजू काम करते, बार जरा लांबून येतो पण खांद्याचा सांधा ताणला जात नाही. मी तुला कागदावर आकृतीसुद्धा काढून दाखवली होती, खांदा, कोपर, मनगट, तीन बिंदू आणि त्यातला कोन. तू ती आकृती उलटीसुलटी करून पाहिलीस आणि म्हणालीस, "छान आहे. यात माणूस कुठे आहे?"

कुणालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की बाई, मधली पकड धरा, प्रत्येकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि छातीला दोन्हीकडे काम पडतंच, फरक उन्नीस-बीसचा. पण मधलं असं काही तुला आयुष्यात चाललं नाही. चहा एकतर बिनसाखरेचा नाहीतर तीन चमचे. आणि तू नमतं घेत नाहीस म्हटल्यावर मी कशाला घेऊ?

आपला बार विकतचा नव्हता. कारखान्यातल्याच कुणीतरी जुना शाफ्ट लेथवर उतरवून तो क्लबला करून दिला होता. चकत्या आत सरकू नयेत म्हणून दोन्हीकडे एकेक कडं वेल्ड केलेलं. विकतच्या बारवर हात कुठे धरायचे याच्या खुणा कोरलेल्या असतात, त्या याच्यावर नव्हत्या. मग काय, ड्रॉइंग ऑफिस घरातच होतं. मी स्टीलची पट्टी आणली. आमच्या ऑफिसची शिस्त अशी, की सगळी मापं एकाच कडेपासून घ्यायची, म्हणजे चूक साठत नाही. मी बारच्या टोकापासून मापं घेतली, मध्य काढला आणि लाल ऑइलपेंटने चार रेघा ओढल्या. आतल्या दोन माझ्या, बाहेरच्या दोन तुझ्या. तू वितीने मोजून बघितलंस आणि म्हणालीस, "एकदम बराबर."

त्यानंतर काही महिन्यांनी तुझा उजवा खांदा दुखायला लागला. मला तर आयतंच सापडलं. मी म्हटलं, बघ, मी सांगत होते, लांब हात धरशील तर खांदा जाईल. तू म्हणालीस, खांद्याचं सोड, तुझ्याकडे बघ, तुझा बार दर वेळी उजव्या बाजूला कलतो, कारण जवळ धरलेल्या हातांना तोल सांभाळता येत नाही. ते खरंच होतं. माझी उजवी बाजू मागे राहायची. मी म्हटलं, बारमध्येच काहीतरी आहे. तू इतकी हसलीस. "नाचता येईना अंगण वाकडं," म्हणालीस. आणि मी गप्प बसले, कारण ती म्हण माझ्या आईच्या तोंडची होती आणि ती तुझ्या इंदुरी तोंडून ऐकताना मला अपमान वाटला.

अशी वर्षं गेली शैला. तुझा खांदा शेकायचा आणि माझा उजवा हात आळशी ठरवायचा.

मध्ये तो अबोला. तुम्ही टाउनशिपबाहेर बाग सेवनियात घर बांधलंत हे तू मला सांगितलं नाहीस, मला ते क्वार्टरच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या एका बाईकडून कळलं. मला फार लागलं होतं. तुला वाटलं असणार, कुंदाला सांगितलं तर ती तोंड पाडेल, म्हणून शेवटी सांगू. पण शेवटी सांगायचं राहिलं आणि मी तोंड पाडायचं ते पाडलंच. मी तुझ्याशी बोलायची बंद झाले. पण चार वाजता क्लबात आलेच, आणि तूही आलीस. तू काही बोलायची नाहीस, मी काही बोलायची नाही. मी आडवी व्हायचे आणि तू डोक्यामागे येऊन उभी राहायचीस. हात बारखाली. एकदा माझा बार अर्ध्यावर थांबला, तू तो उचलून घेतलास, स्टँडवर ठेवलास आणि परत भिंतीकडे बघत उभी राहिलीस. तेव्हा मी भांडायचं सोडून द्यायला हवं होतं बहुतेक. मी आणखी आठवडाभर ओढलं. मग तूच म्हणालीस, "आता बोल गं बाई, माझी मान दुखून राहिली आहे भिंतीकडे बघून."

त्यासाठी मी तुझे आभार मानले नाहीत. आता मानले तर तू म्हणशील, वा, मेल्यावर बरं सुचतं.

तुम्ही घर बदललंत तरी तू स्कूटीवरून रोज येत राहिलीस. होशंगाबाद रोडवरचे ट्रक, ती धूळ, उन्हाळ्यात तोंडाला ओढणी गुंडाळून. मी म्हणायचे, तिकडे जवळपास एखादी जिम बघ की. तू म्हणायचीस, "तिथे तू नाहीस ना." आणि लगेच पुढे, "म्हणजे भांडायला."

गेल्या वर्षी तुझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने तुला शहरात एम. पी. नगरला बोलावलं. कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावरची जिम, एसी, आरसे, आणि पोरं कानात काहीतरी घालून आपापल्या आरशात बघत असलेली. तुझा तो विद्यार्थी तिथे ट्रेनर. तुझ्या पाया पडला. मला म्हणाला, "आंटी जी, आप बैठिए, कुर्सी लगवा दूँ?" मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने परत कुणाला खुर्ची विचारली नसेल. त्या बारवर कोरलेल्या खुणा होत्या. तू त्यांच्यावर तुझी रुंद पकड घेतलीस. मी मागे उभी. तू बार खाली घेतलास, वर नेलास, खाली, वर. मी वाट बघत होते, आता तोंड वाकडं करशील, आता खांदा धरशील. काही नाही. मग मी आडवी झाले. माझी जवळची पकड. बार वर गेला तो पाण्याच्या पातळीसारखा सपाट. तिथेच मला काहीतरी कळलं.

परत येताना तू चेतक पुलाच्या आधी स्कूटी बाजूला घेतलीस आणि थांबवलीस. म्हणालीस, "कुंदा, आपला बार वाकडा आहे." मी म्हटलं, "हे मी किती वर्षं सांगते आहे?" तू म्हणालीस, "चूप बस. चल क्लबात."

क्लबात जाऊन मी पट्टी घेतली. या वेळी टोकापासून नाही, एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत मोजलं. दोन्हीकडची टोकं सारखी नव्हतीच. एक कडं आत वेल्ड झालेलं, एक जरा बाहेर. चकत्या कड्याला टेकतात, टोकाला नाही. म्हणजे वजनाचा मध्य एकीकडे आणि माझ्या लाल रेघांचा मध्य दुसरीकडे, मध्ये चांगली दोन बोटं. तुझ्या उजव्या खांद्याला जास्त भार, माझ्या उजव्या हाताला जास्त भार. सगळी मापं एका कडेपासून घ्यायची, चूक साठत नाही. साठली नाही खरी, पहिल्या दिवशीच पुरी होऊन बसली. तू बेंचवर बसलीस आणि हसत सुटलीस. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "म्हणजे गं कुंदा, अंगणच वाकडं होतं." आणि थोड्या वेळाने, "मी वितीने मोजून एकदम बराबर म्हटलं होतं." मीही हसले. इतकं हसलो की चौकीदार खोकायचा विसरून थेट दारात आला.

मग शांत झाल्यावर दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की आपला सगळा पुरावा गेला. तुझा खांदा माझ्या बाजूने साक्ष देत नव्हता आणि माझा कलता बार तुझ्या बाजूने देत नव्हता. इतकी वर्षं भांडलो ते बारशी. खरी कोण, हे अजून ठरायचंच होतं.

तेव्हा तू ती अट काढलीस. रेघा नव्याने, बरोबर ओढायच्या. आणि आता तू जवळची पकड धरायची, मी रुंद. क्लबच्या वार्षिक दिवसापर्यंत. त्या दिवशी चहा पिताना दोघींनी खरं खरं सांगायचं, की दुसरीची पकड कशी वाटली. तोपर्यंत निकाल फोडायचा नाही. "एक शब्द नाही. चेहऱ्यावरसुद्धा नाही," तू म्हणालीस. परीक्षेच्या हॉलमध्ये फिरल्यासारखी माझ्याभोवती फिरत होतीस.

शैला, मी तुझ्या डोक्यामागे उभी असायचे आणि तुझा चेहरा बघायचे. उलटा. कपाळ खाली, हनुवटी वर. तू जवळची पकड धरून बार वर नेत होतीस आणि तो सहज जात होता. मग तू मुद्दाम भुवई वर करायचीस, कष्ट पडल्यासारखी. मला ते कळत होतं. तुला माझी पकड आवडत होती आणि ते तू दाबत होतीस, असं मला वाटतं. वाटतं, माहीत नाही. आणि समजा आवडली असती तरी त्या दिवशी तू कबूल केलं असतंस का? पडलो तरी नाक वर ही तुझी जात. तू म्हणाली असतीस, "ठीक आहे, वाईट नाही," आणि त्या 'वाईट नाही'वर मी वर्षभर जगले असते.

माझा निकाल मात्र मला पक्का माहीत होता. रुंद पकडीत पहिल्याच आठवड्यात मला छाती सापडली. खोकल्याखेरीज तिकडे काही आहे हे मला या वयापर्यंत जाणवलं नव्हतं. सकाळी उठल्यावर काखेपासून मध्यापर्यंत एक गोड दुखणं असायचं, आणि मी नळ बंद करताना, पोळ्या लाटताना ते मुद्दाम दाबून बघायचे. तुझं बरोबर होतं. माझ्यापुरतं तरी तुझं बरोबर होतं. आणि मी ते जिभेवर धरून बसले होते, कारण वार्षिक दिवसाला अजून वेळ होता आणि मला तुझं तोंड बघायचं होतं, मी हरले म्हणताना.

तू सकाळी दूध तापवायला उठलीस आणि ओट्यापाशीच खाली बसलीस, एवढंच तुझ्या अनंतरावांनी मला सांगितलं. मी पुढचं विचारलं नाही.

तेरावा झाल्यानंतर ते आमच्याकडे आले. दुपारी. मी दार उघडलं तर उभे, हातात क्लबची चावी. तुझे अनंतराव मला कधी समजले नाहीत. इन्स्पेक्शनमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, बोलणं मोजकं, 'पास' किंवा 'पास नाही'. ते म्हणाले, "कुंदावहिनी, ही तिच्या पर्समध्ये होती. क्लबात जमा करायची, की तुमच्याकडे ठेवायची?"

"जमा करा," मी म्हटलं.

"तुम्ही जात नाही आता?"

"एकटीने बेंचवर आडवं व्हायचं नाही. तुमच्या बायकोचा नियम आहे."

मी त्यांना बसा म्हणायला विसरले. ते दारातूनच म्हणाले, "नुसतं उभंच राहायचं असेल तर मी राहू शकतो."

मी नाही म्हणणार होते. बायकांच्या वेळेत पुरुष, चौकीदार, टाउनशिपची तोंडं, सगळं जिभेवर आलं. आतून आमचे हे म्हणाले, "जा ना. चार वाजलेच आहेत." मी कपडे बदलले. इतक्या दिवसांनी ते कपडे अंगाला लावले तरी मला काही वाटलं नाही. चौकीदाराने त्यांना बघितलं, मला बघितलं, आणि खोकला नाही. उठून उभा राहिला.

खोली तशीच होती. मी चकत्या चढवल्या. अनंतरावांना सांगितलं, इथे उभे राहा. हात असे, बारच्या खाली, पण लावायचे नाहीत. बार वर जायचा थांबला तरच घ्यायचा, आधी घ्यायचा नाही. ते म्हणाले, "थांबला हे कळणार कसं?" मी म्हटलं, कळतं. तुला मी हे कधी विचारलंच नव्हतं, तुला कसं कळायचं ते.

मी आडवी झाले. वर बघितलं तर तुझ्या हनुवटीच्या जागी त्यांची, दाढीचे पांढरे खुंट वाढलेली. मी हात धरले. रुंद, तुझ्यासारखे. बार खाली घेतला, वर गेला. परत घेतला, वर गेला. सराव मोडला होता, अंगात जोर नव्हता, तरी मी परत घेतला. या वेळी तो अर्ध्यावर आला आणि थांबला. मी लोटत होते आणि तो जात नव्हता. अनंतरावांना कळलं नाही. ते हात तसेच धरून, नियमाप्रमाणे न लावता, उभे. माझ्या तोंडून आवाज निघेना. बार हळूहळू खाली यायला लागला आणि शैला, मला भीती वाटली. चांगली, लख्ख भीती. तू गेल्यापासून मला पहिल्यांदा काही वाटलं ते हे. मग त्यांनी एकदम दोन्ही हातांनी तो धरला आणि कण्हत, ओढत, स्टँडवर नेऊन आदळला.

ते धापा टाकत होते. मी उठून बसले. ते म्हणाले, "हे एवढं जड असतं?"

"हो."

"ती पण एवढं उचलायची?"

"माझ्यापेक्षा जास्त."

ते बारकडे बघत राहिले. म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही दोघी इथे गप्पा मारायला येता."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पस्तीस वर्षं संसार केला आणि एकदा येऊन बघितलं नाही. पण राग आला नाही. त्यांच्या हातांना लोखंडाचा काळा डाग लागला होता आणि ते तो पँटला पुसावा की नाही, या विचारात होते. मी त्यांना माझी ओढणी दिली. त्यांनी हात पुसले, आणि परत डोक्यामागच्या जागेवर जाऊन उभे राहिले. आता पुढे काय, असं विचारल्यासारखे.

वार्षिक दिवस अजून यायचा आहे. पण नियम करणारीच गेली तर मी तरी किती दिवस धरून बसू? मी त्यांच्याकडे पाठ करून बसले होते, तशीच म्हणाले, "अनंतराव, रुंद पकड चांगली आहे. तिचं बरोबर होतं."

कसली पकड, कुणाचं काय बरोबर, त्यांना काही कळलं नसणार. तुमच्या घरचा फोन इतकी वर्षं तेच उचलत आले. मी काहीतरी सांगायचे, त्यातलं त्यांना अर्धंमुर्धं कळायचं, आणि ते आपले पोचवायचे.

"बरं," ते म्हणाले. "सांगतो तिला."

मी मागे वळून बघितलं नाही.

"सांगा," मी म्हणाले.